अठ्ठावीस डावांत एक विजय

२०१८ च्या उन्हाळ्यात लीला चेस झीरो नावाचा एक नवखा प्रोग्रॅम टीसीईसी या स्पर्धेत उतरला. टॉप चेस इंजिन चॅम्पियनशिप हे तिचे पूर्ण नाव. या स्पर्धेत सगळे खेळाडू प्रोग्रॅम असतात, पटापाशी माणूस एकही नसतो. बाराव्या हंगामात लीलाला चौथ्या विभागात, म्हणजे शिडीच्या तळाशी जागा मिळाली. तिथे ती २८ डाव खेळली. त्यांपैकी २५ हरली, २ बरोबरीत सोडवले आणि १ जिंकला. तो एक विजयही तिने झुंजून मिळवलेला नव्हता. समोरचा स्कॉर्पिओ हा प्रोग्रॅम डाव चालू असताना बंद पडला आणि नियमाप्रमाणे गुण लीलाच्या नावावर लागला.

पुढच्या वर्षी मे महिन्यात, त्याच स्पर्धेच्या पंधराव्या हंगामात, हीच लीला अंतिम सामन्यात गतविजेत्या स्टॉकफिशसमोर १०० डाव खेळली आणि ५३.५–४६.५ अशी जिंकली.

साधारण वर्षभरात तळातून शिखरावर पोहोचणारा खेळाडू माणसांच्या बुद्धिबळात सापडणे कठीण. पण लीलाच्या झेपेचे कौतुक करून मला थांबायचे नाही. ५३.५–४६.५ या आकड्यातून नेमके काय कळते, हा माझा प्रश्न आहे. लीला स्टॉकफिशपेक्षा सरस आहे, हे त्यातून सिद्ध झाले का? थोडेसे झाले? की काहीच झाले नाही? माझ्या मते संगणकांच्या बुद्धिबळाने जगाला दिलेली सर्वांत मोलाची गोष्ट म्हणजे निकाल वाचण्याची शिस्त. दुसऱ्या कुठल्याही खेळात ती इतक्या काटेकोरपणे पाळली जात नाही.

ही शिस्त आमच्या चऱ्होलीत अनेकांच्या ओळखीची आहे, फक्त दुसऱ्या नावाने. चऱ्होली बुद्रुकच्या नव्या सोसायट्यांमधून सकाळी कंपनीच्या बस मोशीमार्गे चाकणकडे निघतात. त्यांतले कितीतरी जण क्वालिटी विभागात काम करतात. पुरवठादाराकडून सुट्या भागांचा लॉट आला की त्यातून सॅम्पल काढायचे, गेज लावायचे आणि मोजक्या नगांवरून सगळा लॉट घ्यायचा की परत पाठवायचा हे ठरवायचे, असे त्यांचे रोजचे काम. सॅम्पल किती मोठे घेतले म्हणजे निर्णयावर विसंबता येईल, हे त्यांना चांगले ठाऊक असते. संध्याकाळी घरी आल्यावर हीच मंडळी मुलाच्या बुद्धिबळ स्पर्धेचा निकाल पाहतात तेव्हा मात्र ते सगळे विसरतात. एका स्पर्धेत मानांकन वाढले की पेढे, पुढच्या स्पर्धेत घटले की क्लास बदलायची चर्चा. हे प्रकरण लिहिताना माझ्यासमोर मुख्यतः हे वाचक आहेत.

संगणक आणि बुद्धिबळ म्हटले की बहुतेकांना मे १९९७ आठवतो. न्यूयॉर्कमध्ये आयबीएमच्या डीप ब्लूने जगज्जेत्या गॅरी कास्पारोव्हला ३.५–२.५ असे हरवले आणि यंत्राने माणसाला मागे टाकले अशा बातम्या जगभर झळकल्या. सामना सहा डावांचा होता. कास्पारोव्हने एक डाव जिंकला, डीप ब्लूने दोन, तीन बरोबरीत सुटले. आदल्या वर्षी फिलाडेल्फियात याच दोघांचा पहिला सामना कास्पारोव्हने ४–२ असा जिंकला होता. दोन्ही सामने जोडले तर कास्पारोव्ह ६.५, डीप ब्लू ५.५. मधल्या काळात यंत्राची ताकद बरीच वाढवली होती, त्यामुळे ही बेरीज पूर्ण न्याय्य नाही, हे मान्य. तरीही विसाव्या शतकातला हा सर्वांत गाजलेला निकाल निर्णायक ठरलेल्या तीन डावांवर उभा आहे, हे विसरता येत नाही. त्यानंतर आयबीएमने डीप ब्लूला पुन्हा स्पर्धेत उतरवलेच नाही. आणखी शंभर डाव झाले असते तर काय दिसले असते, हे पाहण्याची सोयच उरली नाही. मला ही गोष्ट फार खटकते.

डीप ब्लूचा पूर्वज डीप थॉट याबाबतीत अधिक उदार होता. कार्नेगी मेलन विद्यापीठात तो घडवणाऱ्या तरुणांमध्ये फेंग-श्युंग शू आणि मरे कॅम्पबेल यांच्याबरोबर थॉमस अनंतरामन हा भारतीय वंशाचा संशोधकही होता. १९८८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या लाँग बीचच्या खुल्या स्पर्धेत डीप थॉट माणसांमध्ये बसून खेळला, बेंट लार्सनसारख्या ग्रँडमास्टरला हरवले आणि टोनी माइल्सबरोबर संयुक्त पहिला आला. पुढच्या वर्षी कास्पारोव्हने त्याला दोन्ही डावांत सहज हरवले. यंत्र जिंकत होते, हरत होते आणि दोन्ही लोकांसमोर घडत होते.

डाव मोजके असले की आणखी एक प्रश्न उभा राहतो: घड्याळ कोणते? जुलै १९९८ मध्ये इटलीतल्या इस्किया बेटावर विश्वनाथन आनंद रेबेल १० या प्रोग्रॅमशी आठ डाव खेळला. चार डाव अतिशीघ्र होते, ते यंत्राने ३–१ ने घेतले. दोन डावांना थोडा जास्त वेळ होता, तिथे यंत्र १.५–०.५. शेवटचे दोन डाव नेहमीच्या स्पर्धेसारखे, भरपूर वेळ देऊन खेळले गेले आणि ते आनंदने १.५–०.५ असे जिंकले. एकूण ५–३ यंत्राच्या बाजूने. बातमीत जाते ती ही बेरीज, पण खरी माहिती तिच्या तीन तुकड्यांत आहे. माणसाला विचार करायला भरपूर वेळ मिळाला तेव्हाच पारडे त्याच्याकडे झुकले. असे झुकले असे म्हणायलाही आठ डाव अपुरेच आहेत, पण निदान कुठे पाहायचे ते कळते.

आता स्टॉकफिशकडे येऊ. नॉर्वेच्या टोर्ड रोमस्टाडने ग्लाउरुंग नावाचा प्रोग्रॅम लिहून तो सर्वांसाठी खुला ठेवला होता. २००८ मध्ये इटलीच्या मार्को कोस्ताल्बाने त्यावरून स्टॉकफिश तयार केला. पुढे फिनलंडचा योना किस्की त्यांना येऊन मिळाला. हा प्रोग्रॅमही खुला आहे: कोणीही त्याचे कोड पाहावे, बदल सुचवावा. पण सुचवलेल्या बदलाने प्रोग्रॅम सुधारतो की बिघडतो, हे ठरवायचे कसे? बदल करणाऱ्याला तो नेहमीच सुंदर वाटतो. दहा-वीस डाव खेळवून पाहिले तर निकाल कुठेही जाऊ शकतो.

२०१३ मध्ये गॅरी लिन्स्कॉट या प्रोग्रॅमरने फिशटेस्ट ही यंत्रणा उभी केली. जगभरचे स्वयंसेवक आपापल्या संगणकाचा मोकळा वेळ तिला देतात. जुना स्टॉकफिश आणि बदल केलेला स्टॉकफिश एकमेकांशी खेळू लागतात. आधी झटपट डाव होतात, प्रत्येकाला दहा सेकंद आणि दर चालीला एक दशांश सेकंद. त्यात बदल टिकला तर सहापट वेळ देऊन पुन्हा परीक्षा. डाव किती? ते आधी ठरलेले नसते आणि फिशटेस्टची खरी गंमत तिथेच आहे. प्रत्येक टप्प्यावर पुराव्याचे पारडे पाहिले जाते. बदल उपयोगी आहे असे पुरेशा खात्रीने दिसले की थांबायचे. निरुपयोगी आहे असे दिसले तरी थांबायचे. दोन्हींच्या मध्ये असेल तर पुढे खेळवायचे. काही बदल लवकर निकालात निघतात, काहींना लाखाच्या आसपास डाव लागतात. बहुतेक बदल नापासच होतात.

ही पद्धत बुद्धिबळातून आलेली नाही, ती कारखान्यातून आली आहे. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत दारूगोळ्याचे प्रचंड उत्पादन चालू होते. लॉट तपासण्यासाठी आधीच ठरवून इतके नग घ्यायचे आणि सगळे तपासल्याशिवाय निर्णय द्यायचा नाही, अशी रीत होती. कोलंबिया विद्यापीठातल्या संख्याशास्त्र गटात काम करणाऱ्या अब्राहम वॉल्ड यांनी वेगळा मार्ग दाखवला. एकेक नग तपासत जा. वर आणि खाली अशा दोन मर्यादा आखा. पुरावा कोणतीही मर्यादा ओलांडेल तिथे निर्णय द्या. खराब लॉट स्वीकारण्याची किंवा चांगला लॉट नाकारण्याची जोखीम आधीइतकीच राहते, पण तपासावे लागणारे नग बऱ्याचदा निम्म्यावर येतात. युद्धासाठी ही पद्धत इतकी महत्त्वाची मानली गेली की युद्ध संपत येईपर्यंत ती गुप्त ठेवली होती. डिसेंबर १९५० मध्ये वॉल्ड व्याख्यानांसाठी भारतात आले असताना निलगिरीच्या डोंगरांत विमान कोसळून ते आणि त्यांच्या पत्नी दोघेही मरण पावले. त्या वेळी ते जेमतेम ४८ वर्षांचे होते. बुद्धिबळाच्या प्रोग्रॅमला आपले सूत्र लावले जाईल, याची त्यांना कल्पना असणे शक्य नव्हते. मला मात्र चाकणची तपासणीची टेबले आणि फिशटेस्ट यांचे गोत्र एकच दिसते.

या शिस्तीत स्टॉकफिश वाढत असताना डिसेंबर २०१७ मध्ये गुगलच्या डीपमाइंडने अल्फाझीरोची घोषणा केली. त्याला बुद्धिबळाचे फक्त नियम दिले होते. वजिराची किंमत किती, राजा कुठे सुरक्षित, यातले काहीही माणसाने शिकवलेले नव्हते. तो स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला आणि स्टॉकफिश ८ विरुद्ध १०० डावांत २८ जिंकला, ७२ बरोबरीत सोडवले, एकही हरला नाही. स्टॉकफिश सेकंदाला सुमारे ७ कोटी स्थिती तपासत होता, अल्फाझीरो सुमारे ८० हजार. कमी पाहून तो जास्त जाणत होता.

जगभर खळबळ उडाली, आणि ती रास्त होती. पण जाणकारांनी लगेच बोट ठेवले: स्टॉकफिशला दर चालीला सक्तीने एक मिनिट दिले होते, त्यामुळे अवघड जागी जास्त वेळ खर्चण्याचे त्याचे कौशल्य वायाच गेले. त्याला दिलेली स्मृतीही तोकडी होती. डीपमाइंडने वर्षभराने अधिक रास्त अटींवर १००० डावांचा निकाल प्रसिद्ध केला: १५५ विजय, ६ पराभव, बाकी बरोबरी. शंका बरीचशी मिटली. तरीही अल्फाझीरो कुठल्याही खुल्या स्पर्धेत कधीच उतरला नाही. त्याचे सगळे डाव मालकाच्या घरात, मालकाने ठरवलेल्या अटींवर झाले. पुरवठादाराने स्वतःच भरून पाठवलेला तपासणी अहवाल कितीही चांगला असला तरी आपण आपले गेज लावतोच.

लीलाचा जन्म याच अस्वस्थतेतून झाला. अल्फाझीरोची कल्पना प्रसिद्ध होती, पण प्रोग्रॅम कोणाला मिळणार नव्हता. मग तीच कल्पना सर्वांसाठी खुल्या रूपात उभी करायची असे ठरले, आणि २०१८ च्या जानेवारीत पुढाकार घेतला तो त्याच गॅरी लिन्स्कॉटने, ज्याने स्टॉकफिशची फिशटेस्ट उभी केली होती. बेल्जियमच्या जान-कार्लो पास्कुत्तोने गो या खेळासाठी असा एक प्रोग्रॅम आधीच लिहिला होता, त्याचा पाया मिळाला. गुगलकडे शिकवणीसाठी हजारो खास चिप होत्या. लीलाकडे स्वयंसेवकांच्या घरची ग्राफिक्स कार्डे होती. लोक आपल्या संगणकावर तिला स्वतःशी खेळवत आणि ते डाव एकत्र करून तिचे न्यूरल जाळे घडत जाई. आजवर असे शंभर कोटींहून अधिक डाव झाले आहेत. ग्राफिक्स कार्डाची ताकद पुरेपूर वापरणारा भाग लिहिण्यात एनव्हिडियातले भारतीय अभियंते अंकन बॅनर्जी यांचा मोठा वाटा होता. त्या कामामुळे लीलाचा वेग एकदम वाढला.

तिची प्रगती आता हंगामवार पाहा. २५ पराभवांनंतर जुलै २०१८ मध्ये संगणकांच्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत ती आठांमध्ये सातवी आली. ऑगस्टमध्ये टीसीईसीचा तोच चौथा विभाग तिने १४ विजय, १२ बरोबरी आणि २ पराभव असा जिंकला. तिसऱ्या विभागात मात्र ती अडकली. चौदाव्या हंगामात तिने तिसरा, दुसरा आणि पहिला असे तिन्ही विभाग ओळीने पार केले. त्यांच्याही वरच्या, सर्वोच्च विभागात शेवटच्या फेरीत काळ्या मोहऱ्यांनी स्टॉकफिशशी बरोबरी साधायची होती, तीही साधली आणि अंतिम सामना गाठला. १०० डावांच्या त्या सामन्यात आधी स्टॉकफिशने तीन डावांची आघाडी घेतली, मग लीलाने तीन डावांची, आणि अखेर स्टॉकफिश ५०.५–४९.५ असा निसटता जिंकला. त्याच महिन्यात, फेब्रुवारी २०१९ मध्ये, लीलाने हुडिनी या प्रोग्रॅमला हरवून टीसीईसी चषक जिंकला. त्या चषकात ती एकही डाव हरली नाही. आणि मग तो मे महिन्यातला ५३.५–४६.५.

आता सुरुवातीचा प्रश्न. ५३.५–४६.५ म्हणजे लीलाचे १४ विजय, स्टॉकफिशचे ७ आणि ७९ डाव बरोबरीत. दुप्पट विजय म्हटले की फरक मोठा वाटतो. पण कल्पना करा की दोघे तंतोतंत सारख्या ताकदीचे आहेत आणि निकाली लागलेले २१ डाव म्हणजे २१ वेळा उडवलेले नाणे आहे. २१ वेळा नाणे उडवले तर १४ किंवा जास्त वेळा छापा पडण्याची शक्यता साधारण ९.५ टक्के येते. हा हिशेब शाळेतल्या गणिताने करता येतो, करून पाहा. म्हणजे दोघे सारखे असते तरी दर दहा-अकरा सामन्यांत एकदा लीलाने इतक्या किंवा याहून मोठ्या फरकाने बाजी मारली असती. चाकणचा कुठलाही क्वालिटी इंजिनिअर एवढ्या खात्रीवर लॉटबद्दल ठाम सही करायला कचरेल.

हिशेब थोडा ढोबळ आहे. टीसीईसीच्या अंतिम सामन्यात दोन्ही प्रोग्रॅमना पटाच्या मूळ मांडणीपासून खेळू दिले तर जवळजवळ सगळेच डाव बरोबरीत सुटतील. म्हणून सुरुवातीच्या काही चाली आयोजक ठरवून देतात आणि बऱ्याचदा त्या मुद्दाम एका बाजूला झुकत्या असतात. प्रत्येक सुरुवात दोनदा खेळली जाते, दुसऱ्या वेळी मोहरी बदलून. पांढऱ्याला अनुकूल सुरुवातीतून दोघांनीही आपापला पांढरा डाव जिंकला तर त्या जोडीतून कोणालाच फायदा होत नाही. यामुळे नशिबाचा भाग कमी होतो. तरी १०० डाव म्हणजे ५० जोड्याच. मानांकनाच्या भाषेत ५३.५ टक्के गुण म्हणजे सुमारे २४ गुणांचा फरक, आणि एवढ्या डावांत १५-१६ गुण इकडेतिकडे नुसत्या योगायोगानेही होऊ शकतात. इतक्या बरोबऱ्या होणाऱ्या सामन्यात एका मानांकन गुणाचा फरक ओळखायचा तर लाखभर डाव लागतात. फिशटेस्टला एवढे डाव का लागतात, ते आता कळेल.

म्हणून लीलाचे मोठेपण मला त्या एका अंतिम सामन्यात दिसत नाही, ते तिच्या सबंध कारकिर्दीत दिसते. चौथ्या विभागातून सुरुवात, मग विभागामागून विभाग, चषक, निसटता पराभव, विजय, आणि एप्रिल २०२० मध्ये सतराव्या हंगामात पुन्हा स्टॉकफिशवर ५२.५–४७.५. यातला प्रत्येक निकाल एकटा घेतला तर कच्चा पुरावा. सगळे एकाच दिशेने बोलतात तेव्हा तो पक्का होतो.

मधला सोळावा हंगाम मला सर्वांत शिकवणारा वाटतो. वरच्या विभागात लीला एकही डाव हरली नाही. असे करणारी ती एकटीच होती. स्टॉकफिशशी झालेल्या सहा डावांत तिने एक जिंकला. तरीही ती तिसरी आली आणि अंतिम सामन्याला मुकली. कारण स्टॉकफिश आणि अ‍ॅलीस्टाइन नावाचा आणखी एक प्रोग्रॅम या दोघांनी प्रत्येकी १४ डाव जिंकले आणि लीलाने फक्त ९. अ‍ॅलीस्टाइनपेक्षा अर्धा गुण कमी, स्टॉकफिशपेक्षा एक गुण कमी. बलाढ्यांना रोखणे तिला जमत होते, दुबळ्यांकडून पूर्ण गुण काढणे जमत नव्हते. अशा स्पर्धेत हे दोन्ही एकाच तराजूत मोजले जाते. आमनेसामनेच्या सामन्यात हीच लीला कदाचित पहिली ठरली असती. स्पर्धेची रचना बदलली की गुणतक्ताही बदलतो आणि खेळाडू तोच राहतो, हे यापेक्षा स्वच्छ उदाहरणाने दाखवता येणार नाही.

पुढचा बदल जपानहून आला. यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी बुद्धिबळासाठी एक आटोपशीर न्यूरल जाळे मांडले होते. ते ग्राफिक्स कार्डाशिवाय, साध्या प्रोसेसरवर वेगाने चालते. ऑगस्ट २०२० मध्ये ते स्टॉकफिशमध्ये सामील झाले. त्याच्या थोडे आधी संपलेल्या अठराव्या हंगामात स्टॉकफिशने लीलाला ५३.५–४६.५ असे हरवून जेतेपद परत मिळवले होते. लीलाच्या पहिल्या विजयाचाच आकडा, फक्त उलटा. नव्या जाळ्यानंतर स्टॉकफिश पुढेच राहिला. पुढच्या तीन हंगामांत लीलाच अंतिम सामन्यात समोर होती आणि स्टॉकफिश ५४.५–४५.५, ५३–४७, ५६–४४ असा जिंकला. पुढे तर स्टॉकफिशचे जाळे शिकवायला लीलाच्या स्वतःशी खेळलेल्या डावांची माहितीही वापरली जाऊ लागली. दोन्ही प्रकल्प खुले असल्याने हे शक्य झाले. गुणतक्त्यात जे प्रतिस्पर्धी दिसतात, त्यातला एक दुसऱ्याचा गुरूही आहे, आणि हे गुणतक्त्यात कुठेही दिसत नाही.

माणसांकडे एवढे डाव नसतात. जुलै २०२५ मध्ये बातुमीत नागपूरच्या दिव्या देशमुखने महिला विश्वचषक जिंकला आणि ती ग्रँडमास्टर झाली. कोनेरू हंपीविरुद्धच्या तिच्या अंतिम सामन्यात दोन मुख्य डाव बरोबरीत सुटले, जलद डावांत एक बरोबरी आणि एक विजय. चार डावांत विश्वचषक ठरला. त्यात गैर काहीच नाही. जेतेपद नियमांनी ठरते, आणि त्या दबावात तो एक डाव जिंकणे हीच दिव्याची कमाई. फक्त जेतेपद आणि ताकदीचे माप या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एवढे लक्षात ठेवावे.

चऱ्होलीतल्या मुलाच्या नऊ फेऱ्यांच्या स्पर्धेला हेच गणित लावा. समजा सगळे प्रतिस्पर्धी त्याच्याच तोडीचे आहेत आणि बरोबरी कुठेच होत नाही. मग ३ ते ६ या पट्ट्यात गुण पडण्याची शक्यता ८२ टक्के आहे. ६ किंवा जास्त गुण चारातून एकदा निव्वळ योगायोगाने पडतात, आणि ३ किंवा कमीही तितक्याच वेळा. फिडेच्या नियमानुसार लहान वयातल्या खेळाडूचे मानांकन झपाट्याने हलते: तोडीच्या खेळाडूला हरवले तर २० गुण मिळतात, हरले तर २० जातात. ९ पैकी ६ गुण म्हणजे अधिक ६०, ३ म्हणजे उणे ६०. दोन स्पर्धांमध्ये १२० गुणांची उसळी किंवा आपटी आणि मुलगा मात्र तोच, तेवढाच शिकलेला. मला कळकळीने वाटते की वर्षभराच्या स्पर्धा एकत्र मांडल्याशिवाय कुठल्याही पालकाने त्याच्या प्रगतीबद्दल तोंड उघडू नये. त्याआधी पाहायचेच असेल तर डाव पाहावेत: कोणत्या प्रकारच्या स्थितीत तो पुन्हा पुन्हा चुकतो, घड्याळ कुठे खातो.

डाव पाहायला मुले मोबाइलवर स्टॉकफिश उघडतात आणि पटाशेजारी अधिक एक, उणे अडीच असे आकडे येतात. पूर्वी अधिक एक म्हणजे साधारण एका प्याद्याची आघाडी असे मानत. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या १५.१ आवृत्तीपासून हा आकडा फिशटेस्टमध्ये जमलेल्या असंख्य डावांच्या निकालांना जोडला आहे: अधिक एक म्हणजे अशा स्थितीतून स्टॉकफिशने आपल्याच तोडीच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध जिंकण्याची शक्यता ५० टक्के. म्हणजे मोबाइलवरचा तो आकडाही एक निकालपत्रच आहे, दोन स्टॉकफिशांमधल्या डावांचे. दिघीच्या किंवा मोशीच्या मुलासमोर बसलेल्या आपल्या मुलाला तो लागू नाही. त्याच्या पातळीवर अधिक एकची स्थिती हरणे रोजचे आहे.

माणसांच्या पातळीचा प्रश्न घेऊनच २०२० मध्ये टोरांटो आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या व मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी माया नावाचा प्रोग्रॅम तयार केला. त्याचा सांगाडा लीलाचा आहे, पण तो स्वतःशी खेळून शिकलेला नाही. लिचेस या खुल्या मंचावर सामान्य माणसांनी खेळलेल्या कोट्यवधी डावांतून तो शिकला, आणि मानांकन ११०० पासून १९०० पर्यंत प्रत्येक पायरीसाठी त्याची वेगळी आवृत्ती आहे. सर्वोत्तम चाल शोधणे हे त्याचे काम नाही. त्या पायरीचा माणूस इथे कोणती चाल खेळेल हे तो सांगतो, आणि निम्म्याहून अधिक वेळा त्याचे उत्तर बरोबर येते. त्याचे निकालपत्र मांडताना विजय-पराभव मोजत नाहीत. माणसाची पुढची चाल, अगदी चुकीची असली तरी, त्याने किती वेळा ओळखली हे मोजतात.